कॅशेल (टिपररी) मतदारसंघ, १८०१ ते १८७०: पील, वेलस्ली बंधू आणि २४ मतदार. टिपण तपासून हवंय

करवीर_वाचक

नमस्कार मंडळी. असईच्या आर्थर वेलस्लीवर टिपण तयार करतोय. त्यात एक ओळ आलीय: 'आयर्लंडचा मुख्य सचिव असताना त्याने तरुण रॉबर्ट पीलला कॅशेलची जागा मिळवून दिली.' कॅशेल म्हणजे आयर्लंडच्या टिपररी काउंटीतलं (काउंटी म्हणजे जिल्हा) टेकडीवरच्या जुन्या चर्चसाठी ओळखलं जाणारं गाव, एवढं कळलं. पण मतदारसंघाचा इतिहास जुळवायला बसलो तर गुंता वाढतच चाललाय.

काही याद्यांत कॅशेलला दोन खासदार दिसतात, काहींत एक. पीलच्या वेळी मतदार फक्त २४ असं वाचलं. ही छपाईची चूक तर नव्हे? त्याच काउंटीतल्या क्लोनमेलचा मतदारसंघ १८८५ पर्यंत टिकला आणि कॅशेलचा १८७० लाच गेला, ते का? आपल्याकडे २००८ च्या पुनर्रचनेत सांगरूळ, वडगाव गेले, तसलाच प्रकार का? आणि 'पॉकेट बरो'ला, म्हणजे एकाच घराण्याच्या मुठीतल्या नगर मतदारसंघाला, मी 'वतन' लिहिलंय. चालेल का?

दप्तरखाना

२४ बरोबर आहे, चूक नाही. पण आधी दोन की एक ते मिटवू, कारण निम्मा गुंता तिथलाच आहे.

'कॅशेल' नावाचे दोन मतदारसंघ होते आणि ते दोन वेगळ्या संसदांचे होते. १८०० पर्यंत आयर्लंडची स्वतःची संसद डब्लिनला भरायची. तिच्या कनिष्ठ सभागृहात ३०० सदस्य: ३२ काउंट्या, ११७ बरो म्हणजे नगर मतदारसंघ आणि एक विद्यापीठ, असे १५० मतदारसंघ, प्रत्येकी दोन सदस्य. तिथे कॅशेलचे दोन होते. १ जानेवारी १८०१ पासून ब्रिटनशी विलीनीकरणाचा कायदा लागू झाला, डब्लिनची संसद बंद झाली आणि वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या संसदेत, आयर्लंडच्या वाट्याला १०० जागा आल्या. काउंट्यांच्या ६४ तशाच राहिल्या, डब्लिन विद्यापीठाला १, बरोंना ३५. त्यातही डब्लिन आणि कॉर्क शहरांना दोन-दोन, बाकी ३१ गावांना एकेक. कॅशेल या ३१ मधलं. तेव्हा 'दोन' वाचलंत तर ते १८०० च्या आधीचं, 'एक' वाचलंत तर नंतरचं.

कोणती गावं ठेवायची ते ठरवताना चूलपट्टी आणि खिडकीपट्टी किती गोळा होते हे पाहिलं. ज्या गावाचे दोनाचे एक झाले तिथे कुणी आपणहून बाजूला झाला नाही तर दोघांच्या नावाच्या चिठ्ठ्या काचेच्या भांड्यात टाकून एक उचलायची, अशी कायद्यातच तरतूद होती. म्हणून १८०१ च्या पहिल्या आयरिश नगर-खासदारांपुढे 'निवडून आले' लिहू नका. त्यांच्यासाठी नवी निवडणूक झालीच नव्हती.

आता २४. जुन्या आयरिश बरोंमध्ये मत गावातल्या रहिवाशाला नसायचं. कॅशेलमध्ये ते कॉर्पोरेशनला होतं: महापौर, आल्डरमन (वरिष्ठ नगरसदस्य) आणि कॉर्पोरेशनने दाखल करून घेतलेले 'फ्रीमन'. नवा फ्रीमन कुणाला करायचं ते जुन्यांच्या हातात. त्यामुळे आकडा वाढायचं कारणच नव्हतं. १७९३ ला कॅथलिकांना मताचा हक्क मिळाला, पण असल्या गावात तो कागदावरच राहिला, कारण दार उघडणारे सगळे आतले. हे आतले म्हणजे पेनेफादर घराण्याचा गोतावळा. पील निवडून आला म्हणजे एका घराण्याने होकार दिला, एवढाच त्याचा अर्थ.

खासदारांची यादी पाहिली की जागा कुणाच्या कामी येत होती ते दिसतं. १८०२ ते १८०६ विल्यम विकम. हा १८०२ ते १८०४ आयर्लंडचा मुख्य सचिव. आयरिश बंडाचा पुढारी रॉबर्ट एमेटला २० सप्टेंबर १८०३ ला डब्लिनला फाशी दिलं, त्या सकाळी एमेटने पत्र लिहिलं ते या विकमलाच, आणि ते वाचून हा गृहस्थ इतका हलला की पुढे पद सोडलं. (तारीख पाहिलीत? असईच्या बरोबर तीन दिवस आधी. टिपणात घालण्याजोगं आहे.) मग थोडे दिवस व्हायकाउंट प्रिमरोझ, १८०७ ला क्विंटिन डिक, एप्रिल १८०९ ला पील, १८१२ ला चार्ल्स सॅक्स्टन. हा सॅक्स्टन डब्लिन कॅसलमधला, म्हणजे आयर्लंडच्या सरकारी कचेरीतला, उपसचिव. म्हणजे पंधरा-सोळा वर्षं ही जागा जवळजवळ सरकारी कोट्यातली. टिपररीच्या माणसाचा त्यात कुठे संबंध येतो?

पील फेब्रुवारी १७८८ चा. एप्रिल १८०९ ला नुकतीच एकविशी ओलांडलेली. वडिलांकडे सूतगिरण्यांचा पैसा, मध्यस्थ मुख्य सचिव आर्थर वेलस्ली. बिनविरोध. १८१२ ला त्याने इंग्लंडमधल्या चिपनमची जागा घेतली आणि कॅशेल सुटलं. त्याच साली आपल्या करवीर दरबाराने इंग्रजांशी तह करून मालवण दिलं. कालपट करणार असाल तर दोन्ही नोंदी शेजारी बसतील.

बिंदूचौक

'वतन' नको. वतनाला सनद असते, सेवा असते, तक्षिमा पडतात, तंटा झाला तर गोतसभेपुढे निवाडा होतो. पॉकेट बरोला यातलं काही नाही. कायद्याच्या नजरेत ती मालमत्ताच नव्हती. मालकाच्या हाती फक्त कॉर्पोरेशनमधलं बहुमत. 'खिशातला मतदारसंघ' लिहा, वाचणाऱ्याला लगेच उमजतं. आणि त्या मालकाला 'आश्रयदाता' वगैरे म्हणू नका, साधं 'धनी' म्हणा.

दप्तरखाना

@बिंदूचौक, नव्वद टक्के मान्य. पण 'मालमत्ता नव्हती' हे १८०० च्या कायद्याला ठाऊक नसावं. जे ८४ बरो तेव्हा पूर्ण बंद झाले त्यांच्यासाठी दर बरोला १५,००० पौंड भरपाई ठरली. एकूण १२ लाख ६० हजार. लॉर्ड डाउनशरला ५२,५०० मिळाले, लॉर्ड इलीला ४५,०००. खिशातला मतदारसंघ गेला म्हणून सरकारने रोख मोजली, मग ती मालमत्ता नाहीतर काय? कॅशेलला मात्र यातला छदाम नाही, कारण तिथली एक जागा शिल्लक राहिली होती. भरपाई फक्त पूर्ण बंद पडलेल्यांना. ही चूक बऱ्याच लेखांत असते, टाळा.

'वतन' नको हे मात्र पटलं.

तटबंदी

मूळ ओळीत महत्त्वाचा भाग सुटलाय. पीलला जागा 'मिळाली' खरी, पण ती रिकामी कशी झाली? खरी गंमत तिथे आहे, आणि त्यात मराठी इतिहासातली नावं एकापाठोपाठ एक येतात.

१८०७ ला डिक कॅशेलमधून आला. मार्च १८०९ ला ड्यूक ऑफ यॉर्कचं प्रकरण संसदेत गाजत होतं. ड्यूक सरसेनापती, आणि त्याची जुनी मैत्रीण मेरी ॲन क्लार्क लष्करातल्या नेमणुका पैसे घेऊन मिळवून देते असा आरोप. डिकला सरकारच्या बाजूने मत द्यायचं नव्हतं. ते त्याने लॉर्ड कॅसलरेच्या कानावर घातलं. उत्तर मिळालं ते असं की मग जागा सोडलेली बरी. डिकने सोडली. एप्रिलमध्ये त्याच जागेवर पील.

११ मे १८०९ ला विल्यम मॅडॉक्स या सदस्याने कनिष्ठ सभागृहात उभं राहून उघड आरोप केला: डिकने कॅशेलची जागा विकत घेतली, आणि कोषागाराच्या वतीने तो व्यवहार करणारा हेन्री वेलस्ली. हेन्री म्हणजे आर्थरचा धाकटा भाऊ, तेव्हा कोषागाराचा सचिव. १८०१-०२ ला अवधच्या नबाबाकडून घेतलेल्या मुलखावर लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून थोरल्या भावाने, गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने, बसवला होता तोच हा. आणि कॅसलरे? १७९८ ते १८०१ आयर्लंडचा मुख्य सचिव, विलीनीकरण तडीला नेणारा. नंतर १८०२ ते १८०६ बोर्ड ऑफ कंट्रोलचा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लंडनच्या सरकारी मंडळाचा, अध्यक्ष. वसईच्या तहावर लंडनमधून टीकेचं टिपण लिहिणारा हाच. एका छोट्या आयरिश गावाच्या जागेभोवती ही सगळी मंडळी.

मॅडॉक्सने चौकशी मागितली. बाजूने ८५, विरुद्ध ३१०. ठराव पडला. पुढच्याच महिन्यात जागांच्या विक्रीला बंदी घालणारा कर्वेनचा कायदा आला, पण वाटेत तो पातळ केला गेला. पीलची निवडणूक त्याच्या दोन महिने आधीची, त्यामुळे त्या कायद्यात ती बसतच नाही. 'पीलने बेकायदा जागा घेतली' असं लिहिलंत तर ते चूक ठरेल. 'तेव्हाच्या रिवाजाने घेतली' म्हणा.

आणखी एक. 'डिकने राजीनामा दिला' असं लिहू नका. खासदाराला थेट राजीनामा देताच येत नव्हता, आजही येत नाही. राजाकडून नावापुरतं एखादं पद घ्यायचं, त्या पदामुळे जागा आपोआप रिकामी होते, मग पोटनिवडणुकीचा आदेश निघतो. 'जागा सोडली' एवढं पुरे.

करवीर_वाचक

वा, हे कामाचं निघालं. @तटबंदी सर, १८०९ चा भाग स्वतंत्र परिच्छेदात घेतो. पण १८३२ नंतर तर सुधारणा झाल्या ना? मतदार वाढले असतील, पेनेफादरांची पकड सुटली असेल. मग १८७० ला असं काय बिनसलं?

कसबा_पेठ

मतदार वाढले म्हणूनच बिनसलं. क्रमाने घेऊ.

१८३२ चा आयरिश सुधारणा कायदा: बरोमध्ये १० पौंड वार्षिक मूल्याचं घर असणाऱ्याला मत, आणि मतदारयादी. पेनेफादरांचं राज्य तिथेच संपलं. तोवर १८३० ला त्यांच्यातलाच मॅथ्यू पेनेफादर खासदार होता. त्यानंतर कॅशेल उदारमतवाद्यांकडे गेलं आणि काही वर्षं वकिलांची पायरी झालं. १८३५ ला लुई पेरिन आला, त्याच ऑगस्टला न्यायाधीश झाला. मग स्टीफन वुल्फ, तो १८३८ ला आयर्लंडच्या एक्सचेकर न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झाला. मग जोसेफ स्टॉक, तोही वकीलच. १८४६ ते १८५९ टिमथी ओब्रायन, पुढे जॉन लॅनिगन, १८६५ ला जेम्स लिस्टर ओबर्न. यादीत १८३५ ते १८३८ एवढ्या जवळ-जवळ पोटनिवडणुका दिसतात त्याचं कारण हेच. शिवाय तेव्हा सरकारी पद घेतलं की सदस्याला पुन्हा निवडून यावं लागायचं, म्हणून एकच नाव दोनदा येतं. ती पुनरुक्ती समजून खोडू नका.

१८४० च्या नगरपालिका कायद्याने आयर्लंडमधली बहुतेक कॉर्पोरेशनं मोडीत काढली, दहाच ठेवली. क्लोनमेल राहिलं, कॅशेल गेलं. पण कॉर्पोरेशन गेलं तरी संसदेतला मतदारसंघ शाबूत! दोन्ही कायदे वेगळे, दोन्ही हद्दी वेगळ्या. इथे भलेभले घसरतात.

मताची अट १८५० ला ८ पौंडांवर आणि १८६८ ला ४ पौंडांवर आली. तरी गावच लहान, मतदार काही शेच. आणि मतदान उघड. मतदाराने अधिकाऱ्यासमोर उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचं, कारकुनाने वहीत लिहायचं. गुप्त मतदान १८७२ ला आलं, कॅशेल मेल्यावर दोन वर्षांनी. आता हिशोब करा: मतदार थोडे, त्यामुळे शे-पन्नास मतं फिरली की निकाल फिरतो. मतदान उघड, त्यामुळे पैसे घेतलेल्याने माल दिला की नाही ते जागच्या जागी कळतं. लाच द्यायला याहून सोयीची जागा कोणती? १८३२ च्या आधी घाऊक विक्री होती, विकणारा एकच. नंतर किरकोळ सुरू झाली, दारोदार. घाऊक विक्रीला संसदेने ३१० विरुद्ध ८५ ने झाकण घातलं आणि किरकोळीसाठी अख्ख्या गावाला शिक्षा केली. हे माझं मत, टिपणात घ्यायचं की नाही तुम्ही ठरवा.

१८६८ ला ओबर्न पुन्हा निवडून आला. मग पुढची पावलं अशी. त्याच साली नवा कायदा झाल्याने निवडणूक याचिका सभागृहाच्या समितीऐवजी न्यायाधीशापुढे गेली. निवडणूक लाचलुचपतीमुळे १८६९ ला रद्द. आता एवढ्याने फक्त उमेदवाराची जागा जाते, मतदारसंघ जात नाही. पण न्यायाधीशाने 'लाचलुचपत व्यापक होती' असा अभिप्राय दिला तर दोन्ही सभागृहं राणीकडे शाही आयोग मागतात. १८५२ च्या कायद्याने या आयोगाला साक्षीदारांना बोलतं करायची सोय होती: सगळं खरं सांगितलं तर माफीचं प्रमाणपत्र. म्हणून असल्या अहवालांत कोणी किती घेतले ते इतकं उघड सापडतं. अहवाल आला आणि १८७० ला 'स्लायगो आणि कॅशेल' यांचा मतदारसंघ रद्द करणारा एकच कायदा झाला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या बेव्हर्ली आणि ब्रिजवॉटरचीही तीच गत.

क्लोनमेलवर असला ठपका आला नाही, म्हणून ते १८८५ पर्यंत तगलं. १८८५ ला मात्र कुणालाच शिक्षा नव्हती, तो सरसकट फेरवाटप होता. बहुतेक छोटे आयरिश बरो गेले. उरले बेलफास्ट, डब्लिन, कॉर्क, लिमरिक, वॉटरफर्ड, किलकेनी, गॉलवे, न्यूरी, डेरी आणि विद्यापीठ.

बिंदूचौक

म्हणून सांगरूळची तुलना १८८५ शी होईल, १८७० शी नाही. २००८ च्या पुनर्रचनेत आपल्या जिल्ह्याच्या विधानसभा जागा १२ वरून १० झाल्या. सांगरूळ, पन्हाळा, गडहिंग्लज, वडगाव ही नावं पुसली गेली आणि २००९ ला लोकांनी करवीर, शाहूवाडी, कागल असल्या दुसऱ्या नावाखाली मत दिलं. पण मत कुणाचंच गेलं नाही. कॅशेलमध्ये ते गेलं का, हा खरा प्रश्न आहे. @कसबा_पेठ?

कसबा_पेठ

बऱ्याच जणांचं गेलं. १८७० नंतर कॅशेल निवडणुकीपुरतं टिपररी काउंटीत धरलं गेलं. बरोमध्ये अट ४ पौंडांच्या वरची, काउंटीत १२ पौंडांची. मधल्या पट्ट्यातला छोटा दुकानदार, कारागीर, घरवाला काउंटीच्या यादीत बसत नाही. लाच घेतली असो वा नसो. १८८४ ला बरो आणि काउंटीची अट एकच झाली तेव्हा कुठे हा फरक मिटला.

आणि गेलं ते कुठल्या काउंटीत! नोव्हेंबर १८६९ ला टिपररीने तुरुंगात असलेल्या ओडोनोव्हन रोसा या फेनियन (आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या गुप्त संघटनेच्या) पुढाऱ्याला निवडून दिलं होतं. गुन्हेगार म्हणून त्याची निवड रद्द झाली आणि १८७० च्या पोटनिवडणुकीत दुसरा फेनियन चार्ल्स किकम फक्त ४ मतांनी हरला.

तटबंदी

शोधताना होणारे घोटाळे, घाईघाईत लिहितोय:

टिपररी काउंटीत जुन्या संसदेचा 'फेदर्ड' नावाचा बरो होता, तो १८०० ला बंद. वेक्सफर्डमध्येही 'फेदर्ड' आहे, तोही बंद. भरपाईचे आकडे पाहताना दोन्ही मिसळतात. वेक्सफर्डचा इलीच्या खिशातला.

'कॅशेल' नावाने शोधलं की निम्मं साहित्य आर्चबिशपच्या धर्मप्रांताचं निघतं. 'बरो' किंवा 'सिटी' जोडून शोधा, कारण गाव छोटं असलं तरी जुन्या सनदेमुळे कागदोपत्री 'सिटी ऑफ कॅशेल' असंच येतं.

आर्थर वेलस्लीचा स्वतःचा पहिला मतदारसंघ कॅशेल नव्हे, मीथ काउंटीतलं ट्रिम, १७९० पासून, डब्लिनच्या संसदेत. घराण्याच्या खिशातला. तिथल्या नोंदींत आडनाव 'वेस्ली' असं आहे, 'वेलस्ली' हे १७९८ पासूनचं. 'वेलस्ली' घालून शोधलंत तर काहीच सापडणार नाही आणि तो सदस्यच नव्हता असं वाटेल. ट्रिम १८०० ला संपलं.

आणि 'मुख्य सचिव' म्हणजे आपल्या मंत्रालयातला सनदी अधिकारी नव्हे. आयर्लंडचा मुख्य सचिव हा राजकारणी, लंडनच्या सभागृहात बसणारा. तळटीप द्याच, नाहीतर कोल्हापुरातला वाचक कलेक्टर कचेरीच्या अंगाने विचार करेल.

करवीर_वाचक

सगळ्यांचे आभार. ओळ अशी बदलली, बघा बरोबर वाटते का:

'मार्च १८०९ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क प्रकरणात सरकारच्या बाजूने मत द्यायला तयार नसलेल्या क्विंटिन डिकने कॅशेलची जागा सोडली. पेनेफादर घराण्याच्या खिशातल्या, २४ मतदारांच्या त्या जागेवर एप्रिलमध्ये, आयर्लंडचा मुख्य सचिव आर्थर वेलस्ली याच्या मध्यस्थीने आणि वडिलांच्या पैशाने, २१ वर्षांचा रॉबर्ट पील बिनविरोध निवडून आला.'

दप्तरखाना

ठीक आहे. फक्त 'निवडून आला'च्या आधी 'पोटनिवडणुकीत' घाला, नाहीतर १८०७ ची सार्वत्रिक निवडणूक समजतील. आणि वेलस्ली त्याच एप्रिलमध्ये पोर्तुगालच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा मुख्य सचिवाच्या पदापुढे 'तोवरचा' लागेल.